न संपलेल्या शर्यतीचा नवस

टक्केवारी दिसली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाली काय धरलंय? आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, ती खोड आता माझ्याबरोबरच जाईल. वर काय आहे ते सगळे मिरवतात. भागाकारात खाली काय घातलंत असं विचारलं की माणसं रागावतात.

चंदर भोर रागावला नव्हता. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा, अजूनही राहतो. पाथर्डी फाट्याच्या पुढची आमची सोसायटी, लिफ्ट निम्मा महिना बंद, त्यामुळे जिन्यात गाठ पडायचीच. एकदा जिन्यातच त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हे बघा. शंभरातले ऐंशी लोक शर्यत पूर्ण करतात. म्हणजे लोक म्हणतात तेवढं काही अवघड नाही."

"शंभर कोण? पैसे भरले ते, की पाण्यात उतरले ते?"

त्यानं ओठ हलवत वाचलं. "पाण्यात उतरले ते."

"मग पैसे भरून जे गेलेच नाहीत, ते कुठं गेले? कुणाला ताप आला असेल, कुणाची हिंमत गेली असेल, कुणाला घरच्यांनी सोडलं नसेल. त्यांना धरलं तर ऐंशीचे किती राहतील?"

"ते कुठंच नाहीत," तो हसून म्हणाला. "पण मी तर उतरणारच ना मॅडम. माझ्यापुरते ऐंशीच."

उंच, किडकिडीत, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. चाळिशीला टेकलेला. अंबडच्या एका कारखान्यात विजेची पॅनेल तपासायचं काम करायचा. त्याची सही झाल्याशिवाय माल गाडीत चढत नसे. घरात मात्र त्याची सही कशावरच चालत नसे. आई ठरवणार, बायको मीना ते पार पाडणार आणि हा मान हलवणार. नकार म्हणून त्याला जमतच नव्हता. दिवसभर कारखान्यात 'नाही, नाही, परत करा' म्हणून त्याचा दिवसाचा कोटा संपत असावा. सोसायटीत कुणाचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर न्यायचाय, बोलवा चंदरला. कुणाचं पोर शाळेतून आणायचंय, चंदर. माणूस चांगला होता, हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या द्याल. मीही दिल्या.

गाव घोटीजवळचं. बाप भाताच्या गिरणीत हमाली करायचा, तो लवकर गेला. आईनं, वत्सलाबाईंनी, दुसऱ्यांच्या खाचरात लावणी करून पोराला आयटीआयपर्यंत नेलं. पोहायला तो दारणा नदीत शिकला, तेही गावठी पद्धतीनं, डोकं पाण्याबाहेर ठेवून, म्हशीसारखं. शहरात आल्यावर कुणीतरी शिकवून त्याचं डोकं पाण्यात घातलं.

नाशकात गेल्या काही वर्षांत या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं खूळ शिरलं. आधी डॉक्टर, मग बिल्डर, मग वकील, आता कुणीही. समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून एकशे ऐंशी किलोमीटर हाणायची, आणि उतरल्यावर आख्खी मॅरेथॉन पळायची. हे सगळं सतरा तासांत. शिवाय वाटेत ठिकठिकाणी मुदती. अमक्या जागी अमक्या वेळेच्या आत पोचला नाहीत तर 'झालं तुमचं' म्हणून गाडीत घालतात. याला ते कटऑफ म्हणतात. एवढं सगळं घरबसल्या ऐकूनच माझे गुडघे दुखले.

आणि यासाठी झुंबड! नोंदणी उघडली की काही मिनिटांत फुल्ल. मेडिकलच्या ॲडमिशनला नसेल एवढी धडपड. आता मागणी एवढी वाढली की काय होतं ते सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. जो आधी बटण दाबेल तो आत. कुणाची तयारी आहे आणि कुणाची नाही ते बटणाला कळत नाही. कच्चे लोक वाढतात, पूर्ण करणारे कमी होतात. जितके कमी होतात तितकी ती शर्यत अवघड म्हणून गाजते, आणि गाजली की आणखी लोक बटण दाबतात. वर्षभर घाम गाळलेला माणूस बाहेर आणि हौशी आत, असंही होतं. पहिल्या खेपेला चंदरला जागा मिळाली. दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावरची शर्यत होती. त्यानं पेढे वाटले. शर्यत पुरी झाल्याचे नव्हेत, नोंदणी झाल्याचे!

तयारी त्यानं मनापासून केली, हे खोटं म्हणणार नाही. पाळी संपली की सायकल काढून त्र्यंबक रोडला. रविवारी गंगापूर धरणाच्या पाण्यात. खिशात आईनं दिलेली नागलीची भाकरी गुंडाळलेली. पण ज्याला आठवड्याला पाळी बदलते, त्याचं शरीर कधी झोपायचं आणि कधी पळायचं ते कुणाला विचारणार? डॉक्टर लोकांचं बरं असतं, दवाखान्याची वेळ आपणच ठरवायची.

आता वत्सलाबाई. त्यांना साखर. पायांची संवेदना गेलेली. एकदा बाभळीचा काटा आठवडाभर टाचेत होता. मीनाला चप्पल झटकताना तो तिच्या तळातून वर आलेला दिसला, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी साखरेच्या पेशंटसाठी असते ती काळी मऊ चप्पल लिहून दिली होती आणि घरातसुद्धा पायातून काढायची नाही असं बजावलं होतं. बाई दर चैत्रात घोटीकडच्या बायकांबरोबर चालत वणीच्या गडावर जायच्या, सप्तशृंगीला. साखर झाल्यापासून त्या चपलेत जायच्या. देवीनं कधी तक्रार केली नाही.

पोरगा समुद्रात उतरणार म्हटल्यावर मात्र बाईंनी देवीला साकडं घातलं.

"दारणेचा पल्याड दिसतो म्याडम. समुद्राचा दिसत नाय," त्या मला म्हणाल्या. "म्या बोलले देवीला. पोरानं शर्यत पुरी केली तर चैत्रात अनवाणी येते."

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? आणि नवस नीट तरी बोलायचा. जिवंत परत यावा म्हणून की शर्यत पुरी करावी म्हणून?"

"पुरी करावी म्हणून. जिवाचं तिला सांगावं लागत नाय. आईच हाय ती."

मी खाली आले.

शर्यतीचा दिवस नोव्हेंबरातला एक रविवार. खाली पार्किंगमध्ये मनोजनं भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला होता. मनोज म्हणजे चंदरचा मित्र, त्याला नगरसेवक व्हायचंय. 'नाशिकचा लोहपुरुष' असा फ्लेक्स त्यानं आदल्या दिवशीच छापून आणला होता. त्यावर चंदरचा फोटो होता, आणि त्याच्या दुप्पट मनोजचा.

"अरे, अजून उतरला नाही तो पाण्यात," मी म्हटलं.

"काकू, रविवारी फ्लेक्सवाला बंद असतो."

प्रत्येक स्पर्धकाच्या कमरेच्या पट्ट्यात एक यंत्र होतं, त्यामुळे तो कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. चंदरचा ठिपका समुद्रातून नीट बाहेर आला. टाळ्या. सायकलवर मात्र तो रांगायला लागला. वाऱ्याविरुद्ध होता, असं नंतर कळलं. लोक जेवून आले, झोपून आले, ठिपका चाललेलाच. दिवेलागणीला तो पळायला लागला. समुद्राकाठचा सरळ रस्ता, निम्मं अंतर जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत कमानीपाशी यायचं. वळणापाशी मुदत होती. ठिपका सरकत सरकत वळणापाशी गेला आणि थांबला.

बराच वेळ थांबला. वत्सलाबाईंची जपमाळ थांबेना. मीना नुसती चादरीकडे बघत होती.

मग ठिपका परत फिरला. आणि काय सुटला! मी मोबाइलवरच अंतर आणि वेळ मांडून बघितली. दिवसभर सायकलवरसुद्धा तो एवढ्या वेगानं गेला नव्हता.

"मनोज," मी म्हटलं, "हा गाडीत आहे."

"काकू, शेवटी शेवटी माणूस जोर लावतो."

"एकवीस किलोमीटर? मोटारीच्या वेगानं?"

"नेटवर्क मागं पडतं ना, मग ठिपका एकदम उडी मारतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला वेग कळतो, बाबा. ठिपक्याला गाडीत घातलंय."

यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मयताची चिठ्ठीच आणली होती. वत्सलाबाई माळ न थांबवता म्हणाल्या, "म्याडम, तोंडात साखर घाला."

ठिपका कमानीला टेकला. पार्किंगमध्ये फटाक्यांची माळ लागली, कुणाच्या तरी स्कूटरचं सीट भाजलं. निकालाचं पान वेगळं असतं, ते उघडून बघायची गरज कुणाला वाटली नाही. मलाही गरज नव्हती. मला उत्तर माहीत होतं.

नाशिकरोड स्टेशनपासून त्याला उघड्या जीपमधून आणलं. ढोल, गुलाल, फेटा. 'मेडल कुठंय?' असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, संपली होती, कुरियरनं येणार आहेत. आपल्या लोकांचा कुरियरवर देवापेक्षा जास्त विश्वास. न आलेली वस्तू कुरियरनं येणार म्हटली की विषय संपतो. मी बाल्कनीतून त्याचं तोंड बघत होते. फेट्याखाली ते तोंड फोटोतल्यासारखं चिकटवलेलं दिसत होतं.

चार दिवसांनी गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा तो टाकीला टेकून बसलेला सापडला.

"कोणत्या गाडीत होतास?"

तो दचकलासुद्धा नाही. "टेंपोत. वळणावर पोचलो तेव्हा ते खुर्च्या उचलत होते मॅडम. एक बाई म्हणाली, सॉरी, आणि घोट्याचा पट्टा कापून घेतला. वेळ मोजतात तो. कमरेचं यंत्र काढायचं राहिलं. त्यांच्याही लक्षात नाही, माझ्याही. टेंपोत सहा-सातजण होतो. एक चांगला डॉक्टर माणूस रडत होता."

"मग फोनवर सांगायचं."

"बॅग हातात आली, फोन चालू केला, तर आईचाच आला. हॅलोसुद्धा म्हणाली नाही. 'देवी पावली' म्हणाली. मागं फटाके वाजत होते. मी 'हो' म्हटलं. एवढंच बोललो मॅडम. हो."

"मीनाला?"

"तिला सांगितलं घरी आल्यावर. ती म्हणाली, आता गप्प बसा, मनोजभाऊंनी सत्काराला आमदार बोलावलेत."

"चंदर, सत्कार गेला खड्ड्यात. आमदारांना रोज कुणी ना कुणी फसवतंच. तुझी आई चैत्रात अनवाणी चालणार आहे. त्या पायांनी! हे सांगितल्याशिवाय सुटका नाही."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो मॅडम. चैत्राला वेळ आहे."

वेळ होता, आणि तो वेळ त्यानं कशात घालवला बघा. त्याच्या डोक्यानं तिसरीच वाट काढली. फेब्रुवारीत दुसरीकडे अशीच एक शर्यत होती. ती पुरी केली की नवस खरा होईल, आईला काही सांगायलाच नको.

"म्हणजे देवीला मागली तारीख टाकून पावती देणार तू?" मी विचारलं.

"पुरी केली की केली ना मॅडम. आधी काय, नंतर काय."

नोंदणीच्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली. स्वतःचा फोन, मीनाचा फोन, कारखान्यातल्या एकाचा लॅपटॉप. पान उघडलं, फिरत राहिलं, आणि जागा संपल्या. प्रतीक्षायादीत त्याचा नंबर इतका मागं लागला की मी हसले. त्यालाही हसू आलं. वाईट हसू होतं ते. मग गंमत म्हणजे जानेवारीत जुन्या शर्यतीची, पुढच्या नोव्हेंबरची नोंदणी उघडली, त्यात त्याला पहिल्या फटक्यात जागा मिळाली. हजारोंना मिळाली नाही, त्याला मिळाली. पण नोव्हेंबर चैत्राच्या पलीकडे.

शर्यतीत पुरी न करणाऱ्या वीसांबद्दल मला काही वाटत नाही. धडधाकट माणसं, आपल्या हौसेनं गेली, दमली, गाडीत बसली, घरी आली. त्यात लाज कसली? शंभरात वीस म्हणजे वर्गात नापास होतात तेवढे. पण आपल्याकडे हार घालणारे स्टेशनवर आधीच उभे असतात. नापास झालेल्यानं गाडीतून उतरायचं कुठं?

होळी झाली. गडावर जाणाऱ्या बायकांचे फोन यायला लागले. चंदर जिन्यात मला टाळायला लागला, आणि माझा संयम तसाही बेताचाच. एका सकाळी मी वर गेले. वत्सलाबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या, काळी चप्पल पायात.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "वत्सलाबाई, चंदरनं शर्यत पुरी केलेली नाही. वळणावरून त्याला टेंपोत घालून आणलं. त्यानं स्वतः मला सांगितलंय. तुमचा नवस लागू होत नाही."

बाईंचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी हाक मारली, "चंद्या!"

तो आतल्या खोलीतून आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मीना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"म्याडम म्हणत्यात तू टेंपोत बसून आला. खरं का रं?"

एवढा सोपा प्रश्न मी कुठल्या परीक्षेत घातला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मीनाकडे बघितलं. आईकडे बघितलं नाही.

"मॅडमना ते ॲप कळत नाही आई," तो म्हणाला. "मी पुरी केली."

"चंदर!" मी ओरडले.

"पुरी केली," तो परत म्हणाला. या वेळी जरा मोठ्यानं.

वत्सलाबाईंनी ताट झटकलं. "ऐकलं का म्याडम? त्या दिवशी बी तुम्ही असंच बोलला हुता. तुम्ही शिकल्या-सवरल्या, लय मानते तुम्हाला. पर देवीच्या कामात खोडा घालू नका."

मीनानं मधलाच मार्ग काढला. "आत्या, निदान जाड मोजे तरी घाला."

"मोजे घालून अनवाणी कसं गं?" बाई हसल्या. "देवी काय आंधळी हाय?"

मी खाली आले ते रागानं जिन्याचा कठडा आपटत. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य मला स्वतःला आवडत नाही, म्हणून मी ते इथे एकदाच लिहिते आणि सोडते.

नाशिकहून गड म्हणजे दोन दिवसांची चाल. चैत्रातलं डांबर. बायका पहाटे निघून ऊन चढलं की सावली धरतात, पण सावली आहे कुठं त्या रस्त्याला? चंदर रजा काढून मोटारसायकलवर मागं मागं गेला. डिकीत आईच्या चपला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. प्रत्येक विसाव्याला म्हणायचा, आई, घाल आता, बघणार कोण आहे. बाई म्हणायच्या, मी बघतीय ना. त्यांना चटका कळत नव्हता, तेच वाईट. बाकीच्या अनवाणी बायका कडेच्या मातीवर उतरत होत्या, पाय उचलून टाकत होत्या. वत्सलाबाई सरळ डांबरावरून चालत होत्या, घरातल्या फरशीवरून चालाव्यात तशा. बायकांना वाटलं, केवढी श्रद्धा!

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर ओला ठसा उमटायला लागला. चंदरनं गाडी आडवी घातली. "आई, पाया पडतो, गाडीवर बस. पायथ्यापर्यंत तरी."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तू बसला हुता का गाडीत?"

"तिनं चिडून विचारलं नव्हतं हो मॅडम," चंदर मला म्हणाला. "कौतुकानं विचारलं होतं. तू नाही बसलास, मग मी कशी बसू, असं." तिथं, भर रस्त्यात, बोलायची शेवटची जागा होती. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि आईला वाट दिली.

बाई पायऱ्या चढल्या. नवस फिटला. घरी आल्या तेव्हा डाव्या तळव्याची कातडी मोज्यासारखी सुटून आली होती. मीनानं रोज हळद लावली, मग मलम, मग गल्लीतल्या डॉक्टरची इंजेक्शनं. बाई म्हणायच्या, दुखत नाय तर दवाखाना कशाला? अंगठा काळा पडला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण सर्जननं पाय बघितला आणि चंदरला बाहेर बोलावून विचारलं, "एवढी साखर असताना यांना अनवाणी चालू कुणी दिलं?" चंदरनं मान हलवली, कारखान्यातल्यासारखी नव्हे, घरातल्यासारखी. आधी अंगठा काढला. मग पाऊल. वैशाख संपायच्या आत गुडघ्याखाली.

मी भेटायला गेले तेव्हा मनोज नारळपाणी घेऊन आलेला. "काकू, आई लोहपुरुषाची आई आहे, उठून चालेल बघा," म्हणाला. त्याला मी काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यानंतर चंदर सायकलला हात लावताना दिसला नाही. पाळी, घर, आई. सकाळी आईला उचलून न्हाणीत नेणं त्याचंच काम. मीनाला ते वजन झेपत नव्हतं. कृत्रिम पायाचं माप घेतलं, पण जखम भरेना. त्याच्याशी बोलताना मी विषय काढत नव्हते. जिन्यात तो भेटला की मी म्हणायचे, "जेवलास का?" आणि तो म्हणायचा, "हो." त्याचा 'हो' मला आता ऐकवत नसे.

नोव्हेंबर आला. शर्यतीचा रविवार मला आठवत होता, कारण मनोजच्या ग्रुपवर नाशकातून यंदा किती जण गेले त्याची फुशारकी चालली होती. फ्लेक्स छापलेले असणारच. मला वाटलं चंदर गेला असेल. त्याला तरी दुसरी वाट काय होती? एवढ्या मारामारीची जागा, आणि डोक्यावर हे ओझं. एखाद्यानं पळून पळून ते फेडायचा प्रयत्न केला असता.

सकाळी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी वर गेले. दार उघडं होतं. खाली पडला होता तो स्टीलचा तांब्या. चंदर आईला दोन्ही हातांवर घेऊन खाटेवरून खुर्चीत बसवत होता. अंगात त्या शर्यतीचा मागल्या वर्षीचा टीशर्ट. तो सगळ्यांनाच मिळतो, न पुरी करणाऱ्यांनाही. खाटेवर पडलेल्या फोनवर ग्रुपचे फोटो येत होते. समुद्र, टोप्या घातलेली डोकी, ओळीनं पाण्यात जाणारी.

"तू गेला नाहीस?" माझ्या तोंडून गेलं.

"नाही मॅडम."

म्हणजे या वर्षी तो न पुरी करणाऱ्या वीसांतही नव्हता. शंभरातही नव्हता. उद्या पत्रकात ऐंशी लिहा, पंच्याऐंशी लिहा, त्यात चंदर भोर वरही नाही आणि खालीही नाही.

वत्सलाबाईंनी फोनकडे बघितलं. "ही तीच का रं, तुझी? मग गेला का नाय? एकदा पुरी केली, दुसऱ्यांदा काय अवघड हुतं?"

चंदर तिच्यापुढे उकिडवा बसला. आधी त्यानं तिच्या लुगड्याचा घोळ मांडीवर नीट केला, जिथं पाय संपतो तिथं. मीना चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"आई, मी तेव्हा पुरी केली नव्हती," तो म्हणाला. "मॅडम खरं सांगत होत्या. मी टेंपोत होतो."

मला वाटलं बाई ओरडतील, थोबाडीत देतील, देवीचं नाव घेऊन कपाळ बडवून घेतील. काही नाही. त्यांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. केस विरळ झाले होते त्याचे वर्षभरात.

"टेंपोत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग चपला घालून गेले असते रं," वत्सलाबाई म्हणाल्या.

मीनानं कप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. मग मीनानं तो खिडकीत ठेवला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. चंदर उकिडवाच होता.

"ऊठ," शेवटी आईच म्हणाली. "मला खाटेवर ने परत. इथं ऊन येतंय."